पितळेची पुंगळी

पुंगळी हाती आली की आधी तिच्या बुडाकडे पाहावं. वऱ्हाडातल्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत, कधी वखरणीच्या वेळी वावरात, तर कधी भंगारवाल्याकडे आलेल्या मोडीच्या पितळेत असं एक आखूड नळकांडं निघतं. ते अंगठ्याएवढं जाड आणि अडीच इंचांच्या आसपास लांब असतं. तोंड उघडं, बूड बंद, बुडाला बाहेर आलेली कड. बुडाच्या मधोमध तांब्याची किंवा पितळेची छोटी टिकली आणि तिच्याभोवती गोलाकार कोरलेली इंग्रजी अक्षरं. ही बाराबोर बंदुकीच्या काडतुसाची पितळी पुंगळी. वाचता आली तर ती आपलं वय सांगते, आपण कुठून आलो ते सांगते, आणि कितीदा भरले गेलो याचाही बऱ्यापैकी अंदाज देते.

अक्षरांपासून सुरुवात करू. 'इली' असं लिहिलेलं असेल तर पुंगळी १८२८ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या इली ब्रदर्सची. 'कायनॉक' असेल तर जॉर्ज कायनॉक यांनी १८६२ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या विटनला उभारलेल्या कारखान्याची. पहिल्या महायुद्धानंतर या दोन्ही कंपन्या एका छताखाली आल्या आणि १९२६ मध्ये इंपीरिअल केमिकल इंडस्ट्रीज या मोठ्या समूहात गेल्या. म्हणून दोन्ही नावं जोडून आलेली दिसली, तर ती पुंगळी पहिल्या महायुद्धानंतरची, आणि 'आय.सी.आय.' ही अक्षरं असली, तर ती १९२६ च्या आधीची असू शकत नाही. रायफलीची बारीक, लांबट पुंगळी सापडली आणि तिच्या बुडावर 'के.एफ.' असलं, तर ती आपल्या पुण्याच्या खडकीची. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा आहे. स्वातंत्र्यानंतर भारतीय परवानाधारकांच्या हाती आलेली 'शक्तिमान' नावाची बाराबोर काडतुसं याच कारखान्याची.

बुडावरचा १२ हा आकडा इंचही नाही आणि मिलिमीटरही नाही. एक पौंड शुद्ध शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यातल्या एका गोळीचा जो व्यास, तेवढं त्या नळीचं तोंड. तो भरतो साधारण साडेअठरा मिलिमीटर. सोळा बोरची नळी त्याहून बारीक, कारण पौंडात सोळा गोळ्या बसवायच्या तर प्रत्येक गोळी लहान होणार. आकडा वाढला की नळी अरुंद होते, हे एवढ्यासाठी.

आता हे पितळ आलं कशासाठी? काडतुसाच्या आधी ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वर डाट, मग छर्रे, पुन्हा डाट, सगळं गजाने ठासायचं आणि मागच्या बाजूला टोपी चढवायची. मेळघाटाच्या पायथ्याच्या पावसात हे काम किती अवघड जात असेल! दारू ओली झाली की बार फुसका. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात युरोपात मागून उघडणारी बंदूक आली आणि दारू, डाट, छर्रे, टोपी ही चारही अंगं एका नळकांड्यात बंद झाली. ते नळकांडं बहुतेक वेळा जाड कागदाचं असे, फक्त बूड पितळेचं. कागद स्वस्त पडायचा आणि इंग्लंडच्या हवेत चालूनही जायचा. वऱ्हाडात मात्र मृग लागला की कागद हवेतली ओल पितो, फुगतो आणि नळीत बसेनासा होतो. बसलाच तर बार झाल्यावर निघत नाही. हाच अनुभव पुढे अमेरिकी सैन्याला १९१८ च्या फ्रान्समधल्या चिखलात आणि दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या जंगलात आला. दोन्ही वेळा त्यांनी कागद सोडून पूर्ण पितळेची काडतुसं करून घेतली. हिंदुस्थानातल्या शिकाऱ्यांना ती गरज त्याच्या कितीतरी आधी कळली होती.

काडतुसाचं पितळ म्हणजे शंभरात सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त. हे प्रमाण विचार करून ठरलेलं आहे. बार होतो तेव्हा आतल्या दाबाने पुंगळीची भिंत क्षणभर फुगते आणि नळीला घट्ट चिकटते. त्यामुळे जळता वायू मागे, नेमबाजाच्या डोळ्यांकडे येत नाही. दाब ओसरताच ती भिंत किंचित आक्रसते आणि पुंगळी बोटाने ओढली तरी बाहेर येते. फुगणं आणि परत आक्रसणं ही दोन्ही कामं एकच धातू करतो. नुसतं तांबं फुगलं की फुगलेलंच राहतं. लोखंडाला गंज धरतो. सत्तर-तीसचं पितळ पत्र्यातून ओढून खोल पेल्यासारखं करता येतं. आधी चकती, मग वाटी, मग प्रत्येक खेपेला अधिक लांब, अधिक पातळ. प्रत्येक ओढीने ते कडक होत जातं, म्हणून मधून मधून तापवून मऊ करावं लागतं. तयार पुंगळीचं बूड कडक ठेवतात आणि तोंड मऊ. असं ओढून काढलेलं पितळ येण्याआधी पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून पुंगळ्या करत. ब्रिटिश सैन्याच्या मार्टिनी-हेन्री रायफलींसाठी त्याच असायच्या. १८८५ मध्ये सुदानमधल्या अबू क्लीयाच्या लढाईत वाळू आणि उष्णतेत त्या नळीत अडकल्या, माणसं मेली, आणि गुंडाळलेल्या पत्र्याचा काळ संपला.

इथून पुढची गोष्ट मला या साऱ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते, कारण ती हिंदुस्थानच्या पावसाळ्याची आहे.

एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजांच्या एक विचित्र प्रकार लक्षात आला. पावसाळ्यात मोहिमा थांबत. दारूगोळा कोरड्या, बंदिस्त जागी ठेवत, आणि अशी सोयीची जागा म्हणजे बऱ्याचदा घोड्यांच्या पागा. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडाव्यात, तर न वापरलेल्या, नव्याकोऱ्या पुंगळ्यांना उभ्या चिरा पडलेल्या. कुणी त्यांना हात लावलेला नव्हता, कुठे आपटलेल्या नव्हत्या, गंजाचा थरही नव्हता. ऋतू बदलला की पितळ तडकतं एवढंच दिसत होतं, म्हणून या दोषाला 'ऋतुतडा' अशा अर्थाचंच नाव पडलं. कारण मात्र कित्येक दशकं सापडलं नाही.

ते १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी मांडलं. घोड्यांच्या मुताचं विघटन होऊन अमोनिया सुटतो. पावसाळ्याच्या दमट हवेत तो पितळेवर बसतो आणि तांब्याशी संयोग पावतो. एवढ्याने चीर पडली नसती. पण पुंगळी ओढून काढताना पितळेच्या अंगात ताण कोंडलेला असतो आणि तो बाहेरून दिसत नाही. अमोनिया धातूच्या कणांमधल्या सीमा कुरतडत जातो, आतला ताण त्या सीमा फाकवत राहतो, आणि एक दिवस भिंत आपोआप दुभंगते. ओल, अमोनिया आणि कोंडलेला ताण या तिघांपैकी एक जरी नसता तरी पुंगळी शाबूत राहिली असती. उपाय साधा निघाला. तयार पुंगळी सुमारे २५० ते ३०० अंशांवर थोडा वेळ तापवायची. तेवढ्या उष्णतेने पितळ मऊ पडत नाही, पण आतला ताण निवतो.

अभियांत्रिकीच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात धातूंच्या ताण-क्षरणाचा धडा उघडा, पितळ आणि अमोनियाची ही जोडी पहिल्या उदाहरणांत सापडेल. पूल, बाष्पक, विमानांचे भाग, तेलाच्या नळ्या या सगळ्यांच्या सुरक्षिततेचा विचार करताना आजही जी तीन कारणं तपासतात, त्यांचा माग इथल्या पागांपर्यंत जातो. अचलपूरच्या शेजारचं परतवाडा ही हैदराबाद कंटिंजंट या फौजेची जुनी छावणी. घोडदळ, पागा आणि जोरदार पाऊस या तिन्ही गोष्टी तिथे होत्या. पुंगळ्या नेमक्या कुठल्या छावणीत तडकल्या याला इथे महत्त्व नाही. अशा गावांतल्या विद्यार्थ्यांना हा धडा शिकवताना मात्र पागेपासूनच सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं.

आपल्या घरांना याचा थेट उपयोग आहे. वऱ्हाडातल्या जुन्या घरात गोठा घराला लागून असतो. त्याच खोलीत आता युरियाची पोती पडतात, आणि ओल लागली की युरियातूनही अमोनिया सुटतो. समई, गडवे, घागरी, जुने नळ, पितळी कड्या अशा जागी वर्षानुवर्षे ठेवल्या आणि त्यांना उभी बारीक चीर दिसली, तर दोष कासाराचा असेलच असं नाही. जागा बदलावी.

मातीत सापडलेल्या पुंगळीची अवस्था वेगळी असते. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. तिथल्या क्षारांत पितळेतलं जस्त हळूहळू विरघळून निघून जातं आणि सच्छिद्र, लालसर तांबं उरतं. आकार जसाच्या तसा दिसतो, पण दोन बोटांत दाबलं तर भुगा होतो. अशी पुंगळी चिंचेने किंवा लिंबाने घासू नये. अक्षरं त्याच थरात असतात.

आता भरण्याकडे येऊ. कागदी काडतूस एकदा, फार तर दोनदा वापरता यायचं. पितळी पुंगळी मात्र नीट सांभाळली तर अनेकदा भरली जायची, आणि मुंबईहून रेल्वेने येणाऱ्या विलायती काडतुसांची किंमत पाहता ही फार मोठी सोय होती. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला आणि बडनेरा, अकोला ही ठाणी बंदराशी जोडली गेली. तरी माल महागच होता. शेफील्डच्या डिक्सन आणि हॉक्सली या कंपन्या भरण्याची छोटी हत्यारं बनवत. जळलेली टोपी, म्हणजे बुडाची टिकली, काढायचा खिळा, नवी बसवायचा दट्ट्या, दारू आणि छर्रे मोजायचं मागेपुढे सरकणारं पितळी माप. जुन्या वाड्यांच्या ट्रंकांतून ती कधी कधी निघतात आणि घरच्यांना ती कशाची हे ओळखू येत नाही. मापाच्या दांड्यावर आकडे असतात, त्यामुळे बरेच लोक ते औषधाचं माप समजतात.

पातळ पितळी पुंगळीची भिंत कागदाहून पातळ, त्यामुळे आतली पोकळी मोठी. तिच्यात बारा बोरचा डाट सैल बसतो, म्हणून अकरा किंवा दहा बोरचा डाट घालावा लागे. कागदाचं तोंड आत वळवून बंद करता येतं. पितळेचं तसं वळत नाही, मग वरून पुठ्ठ्याची चकती आणि तिच्या कडेला मेण. बार झाल्यावर पुंगळी गरम पाण्याने धुवायची हा जुन्या शिकाऱ्यांचा कडक नियम होता, आणि त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. काळ्या दारूची राख ओल शोषते आणि धातू खाते. शिवाय जुन्या टोप्यांमध्ये पाऱ्याचं संयुग असायचं. बार झाला की त्यातला पारा मोकळा होतो आणि पितळात शिरून ते ठिसूळ करतो. काळ्या दारूच्या भरपूर राखेत हा पारा पसरून धुतला जायचा. नंतर आलेल्या बिनधुराच्या दारूत राख जवळजवळ उरत नाही, त्यामुळे सगळा पारा पितळाला लागू लागला. म्हणूनच एकदा बिनधुराच्या दारूने उडवलेली जुनी पुंगळी दिसायला धडधाकट असली तरी पुढच्या बाराला बुडापासून फुटू शकते.

अपघातांची मुळं याच बदलात आहेत. फ्रान्समध्ये पॉल व्हिएई यांनी १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली. तिचा तेवढ्याच मापातला जोर काळ्या दारूच्या कितीतरी पट. पितळी माप मात्र काळ्या दारूसाठी कोरलेलं. जुन्या दुनळी बंदुकांच्या नळ्या बऱ्याचदा लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या असत, त्यांच्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते. त्या काळ्या दारूचाच दाब सहन करायला बनवलेल्या. जुनं माप, नवी दारू, पिळाची नळी आणि पाऱ्याने ठिसूळ झालेलं पितळ एकत्र आलं की बार पुढे जाण्याऐवजी हाताशी फुटतो. घरी भरलेलं जुनं काडतूस बाहेरून कितीही चांगलं दिसलं तरी त्याच्या आत काय आहे, हे भरणारा गेल्यावर कुणालाही कळत नाही.

पितळी काडतूस वऱ्हाडातून गेलं त्याची कारणं अनेक आहेत. रेमिंग्टन कंपनीने १९६० मध्ये प्लास्टिकची पुंगळी आणली. ती पाण्याने फुगत नाही आणि पितळेपेक्षा स्वस्त पडते. आयातीवर निर्बंध आले. सर्वांत मोठं कारण म्हणजे शिकारच थांबली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, आणि १९७३-७४ मध्ये देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचं नाव आलं. ते योग्यच झालं. बाराबोर हे मुळात छोट्या शिकारीचं हत्यार. तितर, लावा, ससा आणि अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवरचा तणमोर. पावसाळ्यात नर तणमोर गवतातून उंच उडी मारतो, आणि त्या उडीमुळेच तो सहज टिपला जायचा. तणमोराची आजची दैना शिकारीबरोबरच ई-क्लास म्हणजे सरकारी चराऊ जमिनीवरची गवताळ रानं नाहीशी झाल्यामुळे आहे. छर्र्यांनीही आपला वाटा उचललाच.

ब्राझीलमध्ये मात्र पितळी पुंगळी अजून चालू आहे. तिथल्या सी.बी.सी. या १९२६ च्या कंपनीने ती बनवणं सोडलं नाही, कारण दूरच्या वस्त्यांवरच्या लोकांना तीच ती पुंगळी पुन्हा पुन्हा भरता येते. सैबेरियाच्या जंगलातही हीच रीत टिकली. दुकान जिथून दूर, तिथे पितळ टिकतं.

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याची अडचण वेगळी आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून हा विषय पुरा होत नाही. तूर, हरभरा, पराटीत रात्री रोही आणि रानडुकरं शिरतात. धुऱ्यावर मचाण बांधून जागल करायची, डबे वाजवायचे, झटका मशीन लावायची, तरी सकाळी अर्धं वावर तुडवलेलं. अशा माणसाला आजोबांची बंदूक आणि डब्यातल्या पुंगळ्या आठवल्या तर नवल नाही. कायद्याने वाट ठेवली आहे, ती अरुंद असली तरी. १९५९ च्या शस्त्र कायद्यात पिकाच्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा उल्लेख आहे. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका ठरलेल्या रोही किंवा रानडुकरासाठी वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मागता येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हे दोन्ही प्राणी दुसऱ्या अनुसूचीत आहेत. परवानगीचा अर्ज किचकट आणि नुकसानभरपाई अपुरी, ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे, आणि ती शासनाने ऐकायलाच हवी. पण घरी पुंगळी भरणं हा तिच्यावरचा उपाय नाही. परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणं हा शस्त्र कायद्याच्या कलम ५ चा भंग आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. दारूचा कायदा आणखी निराळा, १८८४ चा, आणि त्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे.

मग सापडलेल्या पुंगळीचं करायचं काय? आधी बुडाची टिकली पाहा, पण हात न लावता. टिकलीवर बाराच्या ठोक्याचा खळगा नसेल, किंवा तोंडाला चकती अथवा मेण दिसत असेल, तर ते भरलेलं काडतूस समजा. खळगा असला तरी बार फुसका गेलेला असू शकतो, तेव्हा त्यावरही विसंबू नका. शंभर वर्षांची दारू निकामी झाली असेल असं गृहीत धरू नका, काळी दारू कोरडी राहिली तर पेट घेते. ते काडतूस घासू नका, ठोकू नका, पेटत्या चुलीजवळ नेऊ नका, मोडीत घालू नका. मोडीचं पितळ शेवटी भट्टीत जातं आणि तिथे दुसऱ्याच कुणाचा तरी जीव जातो. जवळच्या पोलीस ठाण्याला कळवा, ते येऊन नेतील. परवानाधारक वारला असेल, तर वारसांनी बंदूक आणि काडतुसं विनाविलंब पोलीस ठाण्यात जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे. पुढचा निर्णय होईपर्यंत वस्तू तिथे कायदेशीर ताब्यात राहते. लपवून ठेवली तर वारसच आरोपी ठरतो.

पुंगळी नक्की रिकामी आहे असं तपासणाऱ्याने सांगितलं, तर ती जपण्यासारखी आहे. कायद्याचं कलम ४५ दारूगोळ्याच्या अशा सुट्या, वापरायच्या हेतूने न ठेवलेल्या किरकोळ भागांना सूट देतं. तिला पॉलिश करू नका. बुडावरची अक्षरं जशी आहेत तशी कागदावर उतरवून घ्या, कुठे आणि कशाबरोबर सापडली ते लिहा, आणि घरात ती पाहिलेलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांच्याकडून ऐकलेलं त्याच कागदावर टिपून ठेवा. कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा, गोठ्यापासून आणि युरियाच्या पोत्यांपासून लांब.